सड्याची गोधडी

१४ ऑक्टोबर १९५६
महिला मंडळाच्या प्रदर्शनाचा विषय ठरला — ‘रानावनाची प्रेरणा’! अध्यक्षा राजलक्ष्मीबाई. त्यांचं रान म्हणजे माथेरान. तेही हातरिक्षात बसून. “निसर्ग आपल्याशी बोलतो,” म्हणाल्या. बोलतही असेल, बाईंनी बोलू दिलं तर!
मुंबई मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यात घालणार म्हणून रस्त्यावर मोर्चे. आमची कमिटी कधीचीच द्वैभाषिक — अर्धी भाषणं इंग्रजीत.
मी भरतकाम शिकवते, म्हणून रानाचा पडदा माझ्या गळ्यात. आमच्या गिरगावातल्या खिडकीतून दिसणारं रान: तुळस एक, वाळत घातलेली धोतरं सात.

१६ ऑक्टोबर
हरीण भरलं. बकरी झाली.

१९ ऑक्टोबर
कामाला येणारी रखमा बकरीकडे बघून म्हणाली, “बाई, आमच्या शेजारणीची गोधडी बघा एकदा.” गेले तिच्याबरोबर वरळीला, बीडीडी चाळीत. शेजारीण शेवंती, मालवणकडची, नवरा गिरणीत. तिनं गोधडी पसरली. काळं कापड, त्यावर जांभळे-पिवळे तुकडे, पांढरे ठिपके. एक झाड नाही!
“झाडं कुठायत?” — मी, परीक्षा पास झालेली कलावंत.
ती हसली. “कातळार झाडां खंयची? ह्यो आमच्या गावचो सडो, डोंगरावरचो उघडो कातळ. पाऊस सरताना असोच फुलता.”
टाके असे तिरपे, की गवतावरून वारा गेल्यासारखा वाटावा. मी मनातल्या मनात बकरी उसवली.
प्रदर्शनापुरती मागून आणली.

२७ ऑक्टोबर
पहिलं बक्षीस, चांदीची वाटी! गोधडीखाली चिठ्ठी: ‘कल्पना व शिवण — सौ. मृणालिनी’, म्हणजे मी! राजलक्ष्मीबाईंचं अक्षर. “चाळीतल्या बाईचं नाव कशाला? बक्षीस मंडळाबाहेर जायचं!” मी विरोध केला का? छे. पुढच्या रांगेत उभी राहून फोटो काढून घेतला. कुणीतरी विचारलं, “हे रान पाहिलंत कुठे?” म्हटलं, “मनात.”
हे मात्र बाईंनी शिकवलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, “बक्षीस मिळालं ना?” मिळालं. म्हणूनच.

३० ऑक्टोबर
गोधडी आणि वाटी घेऊन वरळीला गेले. सगळं कबूल केलं. म्हटलं, उद्याच मंडळाच्या वहीतली नोंद बदलायला लावते, शेवंतीचं नाव घालते. शेवंतीनं नवऱ्याकडे, गुणाजींकडे, पाहिलं. “माका टाको घालूक येना नाय, बाई. ही ह्येंनी शिवल्यानी.”
गुणाजी उठले. दार लावून घेतलं.
“नाव तुमचांच रवांदे. गिरणीत साच्याखात्यातल्या गड्यांक कळला तर माका लुगडां नेसवतले.” मग गोधडी मांडीवर ओढून घेत हळूच म्हणाले, “गावाक जावन बारा वर्षां झाली. सडो इसरान जायन, म्हणान शिवलंय.”