दिनकरचा साउंड नको

मुरबाड, फेब्रुवारी १९९८, रविवार संध्याकाळ

म्हशाच्या जत्रेत मी गात असताना साउंडवाल्या दिनकरने माझा माईक मुद्दाम बंद केला, कारण पुढे त्याच्या मेहुणीला गायचं होतं. लोक हसले. ते हसणं जातच नाय डोक्यातून.

म्हणून कल्याणहून स्वतःचा माईक आणला. दुकानात एक होता, आवाज गोड, पण नाजूक, त्यात घरातला पंखाही ऐकू यायचा. मी जाड जाळीचा, जड घेतला. स्टेजवर पडला तरी चालेल. त्यावरच घरी माझ्या गाण्यांची कॅसेट भरली.

आज वाशिंदचे जयंतीवाले ती ऐकून सुपारी द्यायला आले. "ताई, साउंड दिनकरचाच ठरलाय."

"मग मी येत नाय."

त्यांनी दिनकरला काढलं. आई म्हणाली, "त्याला पोरं हायत गो." वाईट वाटायला हवं होतं का? नाय वाटलं.