देव्हाऱ्यामागचा पाईप

वाडीवरून, ता. पोलादपूर
१४ सप्टेंबर १९९८, सोमवार

गौतमीवहिनी,

धाकट्या दिराचा नमस्कार घ्यावा, तुमच्या आईबाबांनाही सांगावा. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे तब्येतीनं. भात पोटरीला आलंय. तांबडी म्हैस व्याली, पण रेडा झाला म्हणून आई नाराज. पत्राला कारण आहे, पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. शाळेत मास्तर म्हणायचे, सोमाचा निबंध गाईवर सुरू होतो आणि सर्कशीत संपतो. म्हणूनच सातवीला थांबलो.

तुमचं लग्न झालं आणि मी तीन महिने ट्रकवर क्लीनर होतो. कशेडीचा घाट उतरताना एकदा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, तर मागचे ओंडके केबिनवर असे आदळले की मी जागच्या जागी देवाला नवस बोलून टाकला. हे उगाच सांगत नाही. पाण्याचंही तसंच असतं.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घरी आलो. आईनं नळ बंद केला आणि देव्हाऱ्यामागची भिंत वाजली, ठण्ण ठण्ण. आई हात जोडून उभी राहिली.

"ती आल्यापासनं हे असं हाय," म्हणाली. "नळाला तिचा हात लागला की देव ठोकतात. भागोजी भगत म्हणाला, पायगुण बरा नाय. म्हणून नव्या सुनेचा गौरीपुढं सुपं पुजायचा ओवसा झाल्यावर तिला माहेरी धाडली. पण गेली ती दोष मागं ठेवून गेली. आता नारळ बांधलाय."

मुरारीदादा खाली बघत बसला होता.

वहिनी, तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, पण ऐकताक्षणी ओळखला. नळ तुमच्याच लग्नासाठी मी बसवला होता, नव्या सुनेला झऱ्यावर जायला लागू नये म्हणून. झऱ्याची टाकी उंचावर, पाणी जोरात उतरतं. नळ झटक्यात बंद केला की ते अडतं आणि पाईपला धक्का देतं. पाईप भिंतीला घट्ट धरलेला असेल तर काही होत नाही, सुटा असेल तर भिंतीवर आपटतो. महाडात ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या सोनबा मिस्त्रींनी बजावलं होतं, "हातभरावर एकेक क्लॅम्प मार. आळस केलास तर घर बोंबलंल." मी दोन टोकांना दोन मारले. मधले पाच पिशवीतच राहिले. कारण त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, हिरकणीवाडीला रोपवे बघायला चल, आणि मी गेलो. दोन दिवस तिकडेच. परत आलो तर दारात मांडव उभा. मग पाईपवर फळी ठोकली आणि कोणाला काही बोललो नाही.

तर परवा घरी आलो त्या दुपारी सगळे शेतावर गेल्यावर मी फळी काढली, क्लॅम्प मारले, प्रत्येकाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. टाकीजवळचा कॉक अर्धा फिरवून पाण्याचा जोर कमी केला. नळ दहा वेळा उघडला, मिटला. भिंत गप्प. मला वाटलं, सुटलो, आता कोणाला कळायलाही नको.

परवा म्हणतोय, पण त्याला बारा दिवस झाले.

त्या संध्याकाळी आईनं नळ बंद करून कान दिला. "बघ रे! ती गेली, नारळ बांधला, घर शांत झालं." मग येईल त्याला ती हेच सांगत सुटली. माझ्या दुरुस्तीनं तुमच्यावर शिक्काच मारला. आणि मी गप्प. भाकरी खाल्ली, म्हैस धुतली, गप्प.

काल दादा तुमचं सामान पोचवायला निघाला. साड्या ट्रंकेत भरत होता, आणि एकाच साडीची घडी तीनदा मोडून परत घालत होता. ते मला बघवेना.

वर जाऊन कॉक पुरा उघडला. भागोजीकाकांना बोलावून आणलं. सगळ्यांसमोर फळी काढली, लग्नाआधी राहिलेले नि बारा दिवसांपूर्वी चोरून मारलेले क्लॅम्प दाखवले आणि सोडले. "आई, नळ सोड. आता झटक्यात बंद कर."

ठण्ण ठण्ण.

"वहिनी तर माहेरी बिरवाडीला हाय. आता कोणाचा पायगुण?"

भागोजीकाका डोकं खाजवत म्हणाले, "पायपातलं मला काय ठावं रे? मी म्हशी नि भुतं बघणारा माणूस." आणि नारळ त्यांनीच सोडला.

आईनं मात्र मला विचारलं, "फळी तू ठोकलीस?"

"होय."

"आणि इतके दिस गप बसलास?"

"होय."

"मेल्या, त्या पोरीनं माझं रोज ऐकून घेतलं रे." मग उंबऱ्यावर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही.

दादा रविवारी पहिल्या एसटीनं येतोय, ट्रंक न घेता. तोही गप्प बसला होता, ते त्याचं तो बोलेल. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी तुमचं चुकलं असं या घरात कोणी म्हणणार नाही.

पाईप अजून सुटाच आहे. मी आवळायला गेलो तर आईनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. ती घरात उभी असताना आवळ. तिच्यासमोर घर गप झालेलं ऐकायचंय मला." तोवर भिंत वाजते, शेजारीण विचारायला येते, आणि आई सांगते, "आमच्या सोमाचं काम हाय ते."

तुमचं उत्तर येईपर्यंत मी कुठं जाणार नाही. असं मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

ज्याचा दोष तुम्ही चार महिने वाहिलात, तो तुमचा दीर,
सोमा