वानखेडेभाऊंचं ‘हव, ऐकलं’

रवि., २ नोव्हें.
रेडिओवरच्या मराठी गाण्यांची वेळ बदलली. आज ऐकून गावोगावच्या मराठी कार्यक्रमांच्या आमच्या ऑनलाइन यादीत टाकली. रायपूरच्या या बूढ़ापारा वस्तीत हॉर्नच्या गोंधळात कान रेडिओला लावून बसावं लागतं. आपला नियम सोपा: दर रविवारी एकाने लिहायचं, दुसऱ्याने आपल्या घरी ऐकून होकार द्यायचा, मगच हिरवी खूण. रायपूरचे बाकी सगळे गळाले. उरलो मी आणि बीरगांवचे वानखेडेभाऊ, प्लँटमधून रिटायर झालेले. लगेच मेसेज आला त्यांचा: “हव, ऐकलं. साडेसहा बरोबर.” तेवढाच आधार.

रवि., ९ नोव्हें.
धमतरीच्या वृद्धाश्रमातल्या बाईंचा फोन. “दीदी, आपकी लिस्ट देखके सबको साढ़े छह बजे बिठाया. समाचार चल रहा था.” म्हातारी माणसं आठवडाभर वाट बघून बसली आणि गाणी तासभर आधीच होऊन गेलेली. चूक माझी. साडेपाच ऐकलं, साडेसहा लिहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच दुरुस्त केलं.
पण मग भाऊंनी साडेसहाला काय ऐकलं?

मंगळ., ११
भाऊ फोन उचलत नाहीत. कधीच उचलत नव्हते, नेहमी मेसेजच. उद्या जाते.

बुध., १२
बीरगांव. सुनेने दार उघडलं. “पापा को तो साल भर से कुछ सुनाई नहीं देता, दीदी. आपको नहीं पता?”
भाऊ खाटेवर. शेजारी रेडिओ, स्टेशन सरकलेलं, नुसती खरखर. भाऊंचा हात रेडिओवर. मला बघून हसले, “बसा ताई, लावूनच ठेवला आहे.” मशीनींनी कान खाल्ले म्हणे.
मोबाइलवर लिहून दाखवलं, काहून सांगितलं नाही?
“सांगितलं असतं तर तुम्ही नाव काढलं असतं. घरात कोण काय बोलते, मले समजत नाही. रविवारी तुमचा मेसेज येते, तं वाटते अजून ऐकून राहिलो.” मग म्हणाले, “तुम्ही लिहिता ते खरंच असते न ताई.”
चहा अर्धा ठेवून निघाले. रागही धड आला नाही.

शुक्र., १४
वर्षभराच्या हिरव्या खुणा, सगळ्या माझ्या एकटीच्या. किती चुकल्या असतील कोण जाणे. भाऊंचं नाव काढलं तर दुसरा कान नाही, म्हणजे रायपूरच यादीतून जाणार. ब्राह्मणपाऱ्यात भजनाच्या बायकांना विचारून आले. “रेडिओ? अब कौन सुनता है!” भाच्याला विचारलं, तोही हिंदीतच हसला. कुणालाच नकोय हे. मग मी कुणासाठी मरमर करतेय? धमतरीच्या त्या म्हाताऱ्यांसाठी. त्यांनाच तर फसवलं. सगळं सोडून द्यावंसं वाटतं.

रवि., १६
सकाळीच धमतरीहून मेसेज: “दीदी, आज टाइम पक्का है ना?”
साडेपाचला गाणी लागली. शेवटपर्यंत ऐकली. यादी उघडली, काही टाकलं नाही.
थोड्या वेळाने भाऊ: “ताई, आज लिहिलं नाही? मी बसलो आहे.”
वेळ लिहिली. तीनदा तपासली. आता पाठवलं की त्यांचं ‘हव’ येणार आणि खूण हिरवी होणार. न पाठवावं तर रायपूर यादीतून जाणार, आणि भाऊ रेडिओवर हात ठेवून तसेच बसून राहणार.