बाबांची उर्दू

आष्टी,
१७ जानेवारी १९९४

चि. वसंता यास ताईचे अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचे तिळाचे लाडू पाठवते आहे. पोस्टात भुगा झाला तर चमच्याने खा, कुरकुर नको. तूर घरात आली. अर्धांगाच्या झटक्यानंतर निपचित पडलेला उजवा हात बाबा आता थोडा उचलतात.

येत्या रविवारी गाडी आणून बाबांना पुण्याला, बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार, हे तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती शेंगा निवडत होती, निवडतच राहिली.

तू विचारतोस, माणसाची मराठी जाते आणि शाळेत शिकलेली उर्दू राहते, हे कसं? निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्या मराठी माणसांवर मी चार वर्षं संशोधन करते आहे, पण मलाही नीट सांगता येत नाही. पुस्तकांत अशी उदाहरणं आहेत. विद्यापीठातले माझे सर म्हणतात, रोज टेप कर. मी टेपरेकॉर्डर बॅगेतून काढलेलाच नाही. आपल्याच बापाचा नमुना करायला हात धजत नाही.

आईला बाजारापुरती हिंदी येते, पण बाबांची उर्दू पडली जालन्याच्या बोर्डिंगातली. सुरुवातीला ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची. मग शेजारच्या हमीदाबींकडे जाऊन बसायला लागली. पापड लाटता लाटता वाक्यं पाठ करते आणि बाबांसमोर परीक्षा दिल्यासारखी म्हणून दाखवते. मला हसू येतं. बाबा मात्र हसत नाहीत. थांबून ऐकतात, शांतपणे उत्तर देतात.

काय बोलतात, सांगू? "वसंता की माँ, आपने खाना खाया?" "थक गई होंगी, बैठिए." आपले बाबा, वसंता! पाणी, किल्ली, चप्पल एवढ्या तीन हुकमांवर ज्यांनी हे घर चालवलं! उर्दूत त्यांनी संसार केलाच नाही, म्हणून त्या भाषेला हुकमाची सवय लागली नसावी. हा माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे.

तुझ्या पत्रावर आई संध्याकाळी बोलली. "पुण्याला न्हाई न्यायचं. मराठीत त्यायनी मला कधी विचारलं न्हाई, जेवलीस का म्हणून. आता विचारून राह्यलेत, तर तुम्ही त्यायला बरं करायला निघाले!"

"आई, अगं हे आजारपण आहे."

"मंग असू दे की."

मला खूप राग आला. त्यांचे उपचार अडवणारी तू कोण, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

एवढं पान भरलं आणि मुख्य गोष्ट टाळतेच आहे. परवा सकाळी बाबा ओरडले, "पाणी आण!" चक्क मराठीत, पहिल्यासारखं. मी आनंदाने स्वयंपाकघरात धावले. आई तांब्या हातात घेऊन भिंतीला टेकून उभी होती. मग बाहेर जाऊन तिने पाणी दिलं आणि आपल्या मोडक्या उर्दूत विचारलं, "और कुछ?" बाबांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "आप बैठिए."

नंतर मी विचारलं, "वसंताला कळवू का, मराठी यायला लागली म्हणून?"

आई म्हणाली, "जल्दी काय हाय? चार दिस बोलू दे की त्यायला माझ्याशी."

रविवारी ये. पण परत जाताना एकटाच जा.

आईला न सांगता हे कळवणारी,
तुझी बेबीताई