सातव्या प्रकरणातले बाबा

मोरेश्वर,

आईला घेऊन मी कुहीला मामांकडे जाते आहे. खिचडी स्टोव्हजवळ झाकून ठेवली आहे. तुझ्या नव्या भयकादंबरीची प्रुफं टेबलावर आहेत. नेहमीसारखी तपासायला बसले, पण सातव्या प्रकरणापाशी थांबले.

समुद्रतळाच्या संशोधन केंद्रात माणसं अडकतात, वर यायचा मार्ग बंद होतो, इथवर ठीक होतं. मग तो म्हातारा शास्त्रज्ञ अंथरुणात जिवंतपणी सडू लागतो. पाठीवरच्या जखमा, चादरीला चिकटलेली कातडी, तो गोडसर घाण वास. आणि मरताना तो म्हणतो, "सुमे, मले त्या कुशीवर कर वं." माझं नावसुद्धा बदललं नाहीस.

बाबांच्या आजारपणात तू त्यांना एकदाही हात लावला नाहीस. नाकाला रुमाल लावून दारात उभा राहायचास. मला वाटायचं, तुला बघवत नाही. तू तर नीट बघत होतास.

भेटायला येणाऱ्यांना वास कळू नये म्हणून आई दिवसभर ऊद जाळायची. तो वास तू आता छापायला दिलास. आज सकाळीच ती म्हणाली, "मोरूचं पुस्तक कवा येते वं? आल्याबरोबर मले वाचून दाखवजो." तिला अक्षर येत नाही, म्हणून तुझं प्रत्येक पुस्तक मीच तिला वाचून दाखवत आले.

ते प्रकरण काढ आणि आम्हाला घ्यायला ये. काढणार नसशील, तर या वेळी तिच्यासमोर बसून तूच वाच.

ताई