नुसते ओठ हलवायचे

आणि त्या सर्टिफिकेटचं तर मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही, मिस. ते अजून वडगावच्या घरी टीव्हीच्या वर लावलेलं आहे. ‘फॉर कॉन्फिडन्स ऑन स्टेज’, तुमच्या तिरक्या अक्षरात. घरी कुणी आलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, ते काढून दाखवतात आणि मी पाणी आणायचं निमित्त करून आत जाते. तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं झाली, त्यामुळं हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. झालं असं, की मी आता भांडगावजवळच्या एका शाळेत नाटक शिकवते. हसा तुम्ही. आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी मॅगझिनसाठी एक पान मागितलंय, नाटकामुळं मुलांचा कॉन्फिडन्स कसा वाढतो यावर. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत तुम्ही येऊन उभ्या राहिलात.

सातवीचं गॅदरिंग. शिरूरच्या आपल्या शाळेत तुम्ही नदीवरचं नाटक बसवत होतात, आणि प्रार्थनेच्या रांगेतून मला हाताला धरून बाहेर काढलंत. ‘ही उंच आहे, हिला निळी साडी शोभेल. नदी हीच.’ मी वडगाव रासाईहून व्हॅननं येणारी, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावरची. मला वाटलं, चला, कुणाला तरी दिसले. तीन आठवडे मी रोज भीमेच्या काठावर जाऊन डायलॉग पाठ केले, माझेच नाही, सगळ्यांचे. आप्पा मोटर चालू करायला यायचे आणि पाइपवर बसून ऐकायचे. ‘नदीलाच नदीचं पाठांतर ऐकवती व्हय? चुकलीस तर तीच सांगंल तुला,’ म्हणायचे.

मग तुम्ही आम्हाला बाजारपेठेत नेलंत, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. नाटकातले आवाज आधी रेकॉर्ड करायचे आणि स्टेजवर त्या ट्रॅकवर मुलांनी ओठ हलवायचे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. बरं, तेही चालेल, आवाज तर माझाच असणार. वाक्य होतं, ‘मी आटले आहे, पण मेले नाही.’ मी सगळा जीव लावून म्हटलं, ‘मी आटलीय, पन मेले न्हाई.’ तुम्ही कानावरचा हेडफोन काढलात. ‘नदी बोलतेय का ढेकळं फोडतेय?’ सगळे हसले. मीही हसले, मिस. तेच मला अजून लागतं. रेकॉर्डिंगवाले मामा म्हणाले, ‘मॅडम, असू द्या की. दणदणीत आवाज हाय पोरीचा.’ तुम्ही म्हणालात, ‘पुण्याहून पाहुणे येणारेत. त्यांच्यासमोर हे न्हाई-बिन्हाई नको.’ आणि डॉक्टरांच्या मुलीला, नाटकात मासा झालेलीला, माइकपुढं उभं केलंत. मला म्हणालात, ‘रडतेस कशाला? स्टेजवर तूच आहेस ना? तुला सोपं झालं उलट. नुसते ओठ हलवायचे.’

गॅदरिंगला आप्पा चौथ्या रांगेत, धुतलेली टोपी घालून. मी निळ्या साडीत, आणि माझ्या तोंडातून तिचा आवाज. ‘मी आटले आहे...’ आणि तिथंच ट्रॅक अडकला. सगळं मैदान गप्प. पुढचे तीन शब्द मला झोपेतही येत होते. मी विंगेत बघते, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवून उभ्या. मी तशीच राहिले, तोंड उघडं ठेवून. मागून कुणीतरी शिट्टी मारली, ट्रॅक सुरू झाला, शेवटी टाळ्या पडल्या, सर्टिफिकेट मिळालं. परत जाताना गाडीवर बसायच्या आधी आप्पांनी टोपी काढून खिशात घातली. मग म्हणाले, ‘दिसत व्हतीस आपल्या भीमेसारखी. बोलत मात्र पुण्याच्या नळासारखी व्हतीस. ती तूच ना गं?’ मी म्हटलं, ‘व्हय, मीच.’

कॉन्फिडन्स आला, मिस, नाही कशाला म्हणू. आज तीनशे माणसांसमोर मी न घाबरता बोलते. फक्त तो आवाज माझा नाही, त्या ट्रॅकवरचा आहे. मी तो घासून घासून उचलला. स्टाफरूममध्ये आप्पांचा फोन आला की मी त्याच आवाजात बोलते, आणि ते म्हणतात, ‘कोन बोलतंय? जरा पोरीला द्या की फोन.’

तरी मी नाटक मानते, अगदी वेड्यासारखी मानते. आमच्याकडं एक मुलगी होती, बाथरूमला जाऊ का एवढं विचारायची हिंमत नव्हती तिच्यात. गेल्या वर्षी तिला कावळा केलं. आता ती वर्गात उभी राहून ‘मिस, फळ्यावर चुकलंय तुमचं’ म्हणते. म्हणून यंदा मी मुद्दाम तुमचंच नाटक काढलं. ठरवलं होतं, या वेळी नदी स्वतःच्या आवाजात बोलेल. नदी केली सातवीतल्या एका मुलीला. तिच्या आजोबांची अजून दहा-बारा मेंढरं आहेत. लांबवर हाका मारायची सवय असलेल्या घरातला आवाज तिचा, माइकची गरजच नाही.

परवा रेकॉर्डिंग होतं. हो, ट्रॅकच. माइक दोनच आहेत आणि मॅडमना रिस्क नको. ती म्हणाली, ‘मी आटलीय, पन मेले न्हाई,’ आणि माझ्या अंगावर काटा आला. दारात मॅडम उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘छान आहे, पण पालक म्हणतील, इंग्लिश मीडियमला घालून हेच का? जरा शुद्ध घ्या ना.’ मी भांडणार होते, मिस. माझ्याकडं सगळी वाक्यं तयार होती. आणि तोंडातून आलं, ‘चालेल मॅडम, आवाज दुसरीचा घेऊ.’ ती मुलगी म्हणाली, ‘मंग मी काय करू, मिस?’

मी म्हटलं, ‘तू नुसते ओठ हलव.’

ती हसली. मी हसले होते तशीच.

आता एक सांगायचंय, म्हणूनच हे इतकं लांबलं. ते ओठांवरच्या बोटाचं मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, तुमच्यावर चिडतात, माझ्यासाठी टाळ्या वाजवतात. पण बोट नव्हतं. ट्रॅक अडकल्यावर तुम्ही विंगेतून दोन्ही हात हलवून सांगत होतात, ‘बोल. अगं बोल, येतंय तुला सगळं.’ मला स्वच्छ दिसत होतं. मीच बोलले नाही. रेकॉर्डिंगच्या त्या खोलीत काय मोडलं ते तुम्हाला तवा कळलं नसेल, आणि मीही कधी येऊन सांगितलं नाही.

आमचं गॅदरिंग शनिवारी आहे. ट्रॅक माझ्या फोनमध्ये आहे. मधेच अडकला, तर मीही विंगेतून हात हलवून ‘बोल, बोल’ म्हणेन, तुमच्यासारखीच. तुम्हाला काय वाटतं, मिस, ती बोलेल?