आठ नंबरचा धाकटा

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कलावंताने नोंदी ठेवाव्यात. वृद्धाश्रमातली ही नोकरी तात्पुरती आहे हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याचा घोटाळा व्हायला नको. मी मूळचा नट. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही या देशात आलो. रंगभूमीचं जे नुकसान व्हायचं ते झालं. इथे मी म्हाताऱ्यांना भरवतो, अंघोळ घालतो, चादरी बदलतो. याच्याकडे मी निरीक्षण म्हणून बघतो.

आईला फोनवर सांगितलंय की एका संस्थेत कार्यक्रम करतो. बायको म्हणाली, सूप भरवणं हा कार्यक्रम नव्हे. तिला नाटकातलं काही कळत नाही.

संकल्प: एकपात्री लिहायचं. एप्रिलपर्यंत तयार.

५ फेब्रुवारी

एकपात्रीसाठी पेन घेतलं. छान उठतं.

आठ नंबरच्या खोलीत एक आजोबा आहेत. जन्मभर बस चालवली. अजून खुर्चीत बसले की उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा. हल्ली जेवतच नाहीत. चमचा दिसला की ओठ गच्च मिटतात. सगळ्यांनी हात टेकले तेव्हा आज मला पाठवलं. दारात उभा राहिलो तर म्हातारा बघतच राहिला. मग म्हणाला, "धाकट्या, आलास?" आणि तोंड उघडलं. अख्खं बाऊल सूप संपवलं.

सुपरवायझर बाई म्हणाल्या, यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना नदीत बुडाला, असं ते सगळ्यांना सांगत असतात. तुझ्यात त्यांना तो दिसला असेल. खातायत ना, मग दिसू दे.

मी घरात थोरला. मला जन्मात कुणी धाकट्या म्हटलेलं नाही. पण कुठलीच भूमिका छोटी नसते. बऱ्याच वर्षांनी प्रेक्षक मिळाला.

९ फेब्रुवारी

रोज दुपारी आठ नंबर. आज आजोबांनी मला जवळ बोलावलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, अजून ओला आहेस. गळ्यातला नॅपकिन काढून माझं डोकं खसाखसा पुसलं. कानामागेसुद्धा. मी डोळे मिटून घेतले. उत्स्फूर्त अभिनय.

माझी इथली भाषा बेताची आहे. क्रियापदं हमखास चुकतात. बायको आणि लेक यावरून हसतात. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी अशीच भाषा शोभते! आठ नंबरमध्ये माझं एकही वाक्य चुकत नाही.

एकपात्रीचं नाव ठरलं: 'धाकटा'. विषयही आपोआप मिळाला.

१४ फेब्रुवारी

भूमिकेचा अभ्यास. पोरगेलं चालायला लागलोय. बायकोने विचारलं, पाठ भरलीय का?

आजोबा आता दोन्ही वेळ जेवतात. गालावर रंग आलाय. सुपरवायझर बाईंनी पाठीवर थाप मारली. घरी सांगितलं. लेक म्हणाली, म्हणजे बाबा, तू मेलेल्या माणसाची ॲक्टिंग करतोस? मी म्हटलं, कलेत मेलेलं कुणी नसतं. वाक्य चांगलं झालं. नाटकात घालायचं.

आईला फोन करायचा राहिला. अभ्यासात होतो.

२० फेब्रुवारी

पहाटे पाण्याचं स्वप्न पडलं. हिरवं पाणी, वर उजेड, आणि काठावरून कुणीतरी माझ्या नसलेल्या नावाने हाका मारतंय. भूमिका अंगात भिनल्याची खूण. मोठ्या नटांना असं होतं म्हणतात.

मला पोहता येत नाही. त्याचा इथे संबंध नाही.

लेखन: नाव बदललं. 'हाक'.

२७ फेब्रुवारी

आज संवाद वाढला. सूप झाल्यावर आजोबांनी विचारलं, तू बाहेर कसा आलास?

संहितेत हे नव्हतं. संहिताच नाही म्हणा. पण मी डगमगलो नाही. म्हटलं, वाहत वाहत खाली गेलो, एका झाडाची मुळी हाताला लागली, वर आलो. हात वर करून दाखवलं. आजोबा रंगून ऐकत होते. मग म्हणाले, म्हणजे तू जिवंत होतास?

मी म्हटलं, हो.

तर म्हणाले, "मग घरी का नाही आलास? आई किती वाट बघत होती. जेवायला बसली की तुझं ताट मांडायची. शेवटी शेवटी नुसतं ताटच मांडायची, जेवायची नाही."

चमचा पुसत बसलो. त्यांनी दोनदा विचारलं. मग मी म्हटलं, कामात होतो. नऊ वर्षांचा पोरगा कसल्या कामात असणार? वाक्य भूमिकेला सोडून गेलं. मान्य.

ही गोष्ट माझी नाही, त्यांच्या घरची आहे. हे इथे नीट लिहून ठेवतो.

१ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. आईला फोन लावणार होतो. तिकडे तिची झोपायची वेळ झाली असेल म्हणून ठेवला. नंतर हिशेब केला तर तिकडे दुपार होती.

६ मार्च

लेकीने विचारलं, बाबा, कोरडे केस काय पुसतोस? तेव्हा कळलं की मी सोफ्यावर टॉवेल घेऊन बसलोय. गार लागत होतं खरं. मानेवर, कॉलरच्या आत. बायकोने कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही. म्हणाली, त्या म्हाताऱ्याच्या खोलीत दुसऱ्या कुणाला जाऊ दे. मी म्हटलं, शो मस्ट गो ऑन. ती म्हणाली, कसला शो, आधी तो टॉवेल खाली ठेव.

कलावंताच्या घरच्यांना सोसावं लागतंच.

अंघोळीला टब भरणं बंद केलंय. मगने घेतो. पाण्याची बचत.

१० मार्च

मोठी बातमी. येत्या रविवारी नातेवाइकांच्या भेटीचा दिवस आहे. हॉलमध्ये एखादा कार्यक्रम हवा होता. मी हात वर केला. 'हाक'चा पहिला प्रयोग! सुपरवायझर बाई म्हणाल्या, वीस मिनिटांच्या वर नको, चहा थंड होतो.

आईला लगेच फोन करून सांगायला हवं. प्रयोग झाला की एकदमच सांगतो.

लेखन: उद्यापासून.

१३ मार्च

लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: 'मी आलोय.' पुढे जाववेना. हे वाक्य कोण म्हणतंय तेच ठरेना. वाक्य खोडलं. उत्स्फूर्त करायचं ठरवलं. लिहिलेलं नाटक मेलेलं असतं.

१५ मार्च, रविवार

प्रयोग झाला.

तपशील: स्टूलवर उभा राहिलो. समोर आश्रमातली मंडळी, मागे थोडेफार नातेवाईक. सुरुवात चांगली झाली. पाण्याचा आवाज तोंडाने काढला. एक आजी म्हणाल्या, कुणीतरी नळ बंद करा. मी तसाच पुढे गेलो. मग भाषा संपली. माझ्याकडची इथली सगळी क्रियापदं वापरून झाली आणि मी मराठीत सुरू झालो. काय बोललो ते नीट आठवत नाही. 'आई, मी येणारच होतो' असं काहीतरी. तेच तेच. थांबता येईना.

पहिल्या रांगेतून आठ नंबरचे आजोबा उठले. धडपडत पुढे आले, माझी बाही धरली आणि म्हणाले, "धाकट्या, उतर खाली. गारठशील." मी उतरलो. टाळ्या दोन-तीन पडल्या.

मागे दाराशी ओव्हरकोट घातलेला एक म्हातारा उभा होता. डोळे पुसत होता. एका माणसापर्यंत तरी प्रयोग पोचला, असं मला वाटलं.

तो जवळ आला आणि म्हणाला, मी धाकटा.

१६ मार्च

काल पुढचं लिहिता आलं नाही.

धाकटा जिवंत आहे. ऐंशीच्या घरात. टक्कल. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून त्याने सगळं सांगितलं. नदीत तो पडला होता खरा. दादानेच उडी मारून बाहेर काढलं, घरी नेऊन डोकं पुसलं. पुढे विशीत तो परदेशी गेला. येतो येतो म्हणत राहिला. आई गेली तेव्हाही कसलंसं काम निघालं. तेव्हापासून दादा लोकांना सांगायला लागला की धाकटा बुडाला. "आधी रागाने म्हणायचा," तो म्हणाला. "आता राग विसरलाय. बुडालेलं तेवढं लक्षात राहिलंय."

आज सकाळी तो आठ नंबरमध्ये गेला, मीही सोबत होतो. आजोबांनी त्याला ओळखलं नाही. डॉक्टर समजून जीभ बाहेर काढली. मग माझ्याकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, हा माझा भाऊ.

त्याने मला विचारलं, "तुम्ही काय करता म्हणजे तो ओळखतो?"

मला हा प्रश्न कुठल्याही दिग्दर्शकाने कधी विचारलेला नाही. म्हटलं, फार काही नाही, दारात थोडा वेळ नुसतं उभं राहायचं.

१९ मार्च

तालीम. त्याला सगळं शिकवलं. कुठे बसायचं, मान किती खाली घ्यायची, सूप आधी फुंकून द्यायचं. माणूस कच्चा आहे. स्वतःचीच भूमिका आणि जमत नाही. सारखी माफी मागतो. मी सांगितलं, माफी नको, वाक्यं लहान ठेवा.

दुपारी दोघं आत गेलो. मी आजोबांसमोर बसलो आणि म्हटलं, मी धाकटा नाही, मी इथे कामाला आहे. हे वाक्य व्याकरणासकट बरोबर आलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग घाबरून म्हणाले, मग तो कुठे आहे?

मी उठून जागा दिली. धाकटा माझ्या जागी बसला, मान खाली घातली. शिकवल्यापेक्षा जास्तच खाली. आजोबांनी त्याच्या टकलावर हात ठेवला. ठेवून दिला. मग नॅपकिन शोधायला लागले.

मी बाहेर येऊन चादरी मोजल्यासारखं केलं.

२४ मार्च

आठ नंबरवरून गेलो. दार उघडं होतं. धाकटा भरवत होता, आजोबा खात होते. मला बघून आजोबांनी त्याला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, इथले कामावरचे आहेत. आजोबांनी मला अदबीने मान लववली. मीही लववली.

आईला फोन केला. बोलायला काही सुचेना. ती म्हणाली, असू दे, कामात असशील, ठेव. मी म्हटलं, कामात नाही. मग तिने भाजी करपतेय म्हणून ठेवला.

३० मार्च

माझी बदली लाँड्रीत. सुपरवायझर बाई म्हणाल्या, एका माणसाला दोन दोन भाऊ नकोत, त्यांचा गोंधळ होतो. मलाही वाटतच होतं की जरा बदल हवा.

जागा तळघरात आहे. सोबतीला कुणी नाही. मशिनांचा आवाज इतका, की गळा फाडून बोललं तरी वर ऐकू जाणार नाही. रियाजाला अशी जागा शोधून सापडायची नाही.

आज काही बोललो नाही.